चार गुरूंचा शिष्य : आर्थर ॲश

आपल्या बॅचने शाळा सोडली ते १९७५ साल. जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा एकाच वर्षी आली आणि कॉलेजच्या प्रवेशासाठी दुप्पट गर्दी उसळली, हे कोणी विसरले नसेल. त्याच जुलै महिन्यात, प्रवेशाच्या रांगेतून दमून परतताना मी वाचनालयात डोकावलो. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर एका सडपातळ कृष्णवर्णीय खेळाडूचा फोटो होता. विंबल्डन जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष, आर्थर ॲश. आपल्या गावात तेव्हा टेनिसचे कोर्ट नव्हते आणि मला या खेळातले गुणसुद्धा मोजता येत नव्हते. तरी ते नाव लक्षात राहिले.

संपादक मंडळाने आवडत्या व्यक्तीवर लिहायला सांगितले तेव्हा पहिल्यांदा हेच नाव आठवले. त्याला एक खासगी कारण आहे. आपल्यातल्या खो-खोच्या संघातल्यांना ते ठाऊक आहे. तालुक्याच्या सामन्यात पंचांनी मला चुकीचे बाद दिले, मी हुज्जत घातली आणि आपल्या पीटीच्या सरांनी मलाच उरलेल्या सामन्यासाठी बाहेर बसवले. चूक पंचांची आणि शिक्षा मला, हा राग मी बरीच वर्षे बाळगला. ॲशचे चरित्र वाचले तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढे आयुष्यभर उभा होता असे दिसले. अन्याय होत असताना गप्प बसायचे की बोलायचे?

आर्थर रॉबर्ट ॲशचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहरी झाला. हे शहर अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची राजधानी होते. ॲशच्या लहानपणी तिथे शाळा, बस, बागा, सगळे काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे होते. त्याचे वडील काळ्या लोकांसाठी असलेल्या ब्रुकफील्ड नावाच्या सार्वजनिक उद्यानाची देखभाल करीत. घर उद्यानातच होते आणि घराला लागून टेनिसची चार कोर्टे होती. आई १९५० मध्ये वारली तेव्हा आर्थर सहा वर्षांचा आणि धाकटा जॉनी त्याहून लहान. वडील कडक शिस्तीचे. शाळा सुटल्यावर किती मिनिटांत घरी पोचायचे हेही त्यांनी ठरवून दिलेले, आणि त्यात हयगय चालत नसे.

त्या कोर्टांवर रॉन चॅरिटी नावाचा कॉलेजचा विद्यार्थी खेळायला आणि शिकवायला येई. रोज कडेला उभे राहून बघणारा काटकुळा मुलगा त्याच्या नजरेस पडला. रॅकेट धरायला आर्थर त्याच्याकडे शिकला. दोन-तीन वर्षांत चॅरिटीच्या लक्षात आले की या मुलाला पुढे न्यायला आपले ज्ञान अपुरे आहे. ही गोष्ट ओळखणारे आणि ओळखल्यावर मान्य करणारे शिक्षक थोडे. त्याने आर्थरला लिंचबर्ग गावच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेले.

डॉ. जॉन्सन हे पेशाने वैद्यकीय डॉक्टर. पदरमोड करून ते दर उन्हाळ्यात काळ्या मुलामुलींना स्वतःच्या घरी ठेवून घेत आणि मागच्या अंगणातल्या कोर्टावर टेनिस शिकवत. पुढे १९५७ आणि १९५८ मध्ये विंबल्डन जिंकणारी ॲल्थिया गिब्सन त्यांच्याच हाताखालून गेलेली. मुलांनी कोर्टावरचे तण काढायचे, रोलर फिरवायचा, कुत्र्यांची घरे धुवायची आणि मग खेळायचे, असा तिथला दिनक्रम. नजर बसावी म्हणून कधी झाडूच्या दांड्याने चेंडू मारायला लावत.

दहा वर्षांचा आर्थर तिथे गेला आणि पहिल्याच मुक्कामात अडून बसला. चॅरिटीने शिकवले त्यापेक्षा इथे निराळे शिकवतात, ते तो ऐकेना. डॉक्टरांनी सरळ वडिलांना फोन केला. वडील रिचमंडहून गाडी हाकत आले, आता डॉक्टर सांगतील तसेच करायचे, नसेल जमत तर सामान बांध, एवढेच बजावले आणि परत गेले. त्यानंतर आर्थरने गुरूचा शब्द मोडला नाही. प्रशिक्षक बदलला की खेळाडूचे काय होते याच्या चर्चा आपण आज टीव्हीवर ऐकतो. या मुलाने तो धडा दहाव्या वर्षी घेतला.

डॉ. जॉन्सन यांचा सगळ्यात कठीण धडा वागण्याचा होता. पंच नसलेल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या दोन बोटे बाहेर पडला तरी तो आत पडला असे मानून खेळायचे. बाजू बदलताना चेंडू स्वतः गोळा करून प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचे. निर्णय कितीही चुकीचा वाटला तरी कपाळाला आठी दिसता कामा नये. कारण उघड होते. गोऱ्यांच्या स्पर्धांमध्ये काळ्या मुलांना मुश्किलीने प्रवेश मिळे, आणि त्यांना बाहेर काढायला संयोजकांना एक निमित्त पुरे होते. ते निमित्त मिळू द्यायचे नाही. रिचमंडमध्येच गोऱ्यांसाठीच्या बर्ड पार्कातल्या स्पर्धेतून आर्थरला रंगावरून परत पाठवले होते, त्यामुळे हा धडा त्याला समजावून सांगावा लागला नाही.

रिचमंडमध्ये हिवाळ्यात बंदिस्त कोर्टांवर काळ्यांना मज्जाव होता, म्हणजे वर्षातले काही महिने सराव बंद. डॉ. जॉन्सन यांनी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी त्याला सेंट लुईसला रिचर्ड हडलिन यांच्या घरी धाडले. हडलिन हे शिक्षक, एके काळचे शिकागो विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार. तिथल्या जलद पृष्ठभागावर खेळून आर्थरची सर्व्हिस धारदार झाली, आणि १९६० मध्ये त्याने राष्ट्रीय कनिष्ठ गटाची बंदिस्त कोर्टावरची स्पर्धा जिंकली. शाळेतही तो पहिला आला.

पुढचे गुरू लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक जे. डी. मॉर्गन. शिष्यवृत्ती देऊन त्यांनी त्याला बोलावून घेतले. एका नावाजलेल्या क्लबने संघातल्या सगळ्यांना स्पर्धेला बोलावले, फक्त ॲशला वगळले. तो गाजावाजा न करता मागे राहिला. १९६३ मध्ये तो अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात निवडला गेला. त्या संघातला तो पहिला कृष्णवर्णीय. १९६५ मध्ये आंतरविद्यापीठ एकेरीचे विजेतेपद आणि १९६६ मध्ये व्यवसाय प्रशासनाची पदवी मिळवून तो सैन्यात अधिकारी झाला आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत रुजू झाला. जॉनी मरीन दलात होता. मोठ्या भावाला व्हिएतनामला जावे लागू नये म्हणून तो स्वतः दुसऱ्यांदा युद्धावर गेला. ही गोष्ट आर्थरला पुष्कळ उशिरा कळली.

१९६८ हे वर्ष अमेरिकेला हादरवणारे. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्याआधी मार्चमध्ये ॲशने वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये काळ्यांच्या प्रश्नावर पहिले जाहीर भाषण केले होते, आणि गणवेशातल्या अधिकाऱ्याने असे बोलू नये म्हणून वरिष्ठांकडून समज मिळाली होती. त्याच वर्षी टेनिस व्यावसायिकांना खुले झाले. ॲशने आधी अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्सवर पहिली यू. एस. ओपन. अंतिम सामन्यात हॉलंडच्या टॉम ओकरला त्याने पाच सेटमध्ये हरवले. पहिलाच सेट १४-१२ असा लांबला होता. ॲश हौशी असल्याने बक्षिसाचे १४,००० डॉलर हरलेल्या ओकरला मिळाले, आणि विजेत्याला दिवसाला २० डॉलर भत्ता. बक्षीस समारंभाला उद्यानाची राखण करणारे वडील कोर्टावर आले आणि त्यांना रडू आवरले नाही.

सैन्यातून मोकळा झाल्यावर तो व्यावसायिक झाला. १९७० मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. १९७२ मध्ये यू. एस. ओपनच्या अंतिम सामन्यात दोन सेट विरुद्ध एक अशी आघाडी घेऊनही तो रुमानियाच्या इली नास्तासेकडून हरला. खेळाडूंची व्यावसायिक संघटना त्याच वर्षी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियाच्या निकोला पिलिचवरील बंदीच्या निषेधार्थ सुमारे ८० खेळाडूंनी विंबल्डनवर बहिष्कार टाकला, त्यात ॲश पुढे होता. गप्प बसायला शिकलेला मुलगा इतरांसाठी बोलायला लागला होता.

दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाच्या धोरणामुळे त्याला आधी व्हिसा नाकारला. १९७३ मध्ये व्हिसा मिळाला तेव्हा अनेक काळ्या नेत्यांनी जाऊ नको असे सांगितले. तो गेला. जोहान्सबर्गला प्रेक्षक वेगवेगळे बसवू नयेत ही त्याची अट पूर्णपणे पाळली गेली नाही. एकेरीत तो अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सकडून हरला, दुहेरीत ओकरसोबत जिंकला. एक १४ वर्षांचा काळा मुलगा दिवसेंदिवस त्याच्या मागे फिरत होता. असा मोकळा, कोणाला न भिणारा काळा माणूस त्याने आधी पाहिलाच नव्हता. दुसरीकडे काहींनी ॲशला तोंडावर गोऱ्यांचा हस्तक म्हटले.

इथे आपल्या देशाचा संबंध येतो. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, विजय आणि आनंद अमृतराज यांच्या बळावर भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर होती दक्षिण आफ्रिका. भारताने वर्णभेदाच्या निषेधार्थ खेळायला नकार दिला आणि चषक न खेळता त्यांच्याकडे गेला. अमृतराज बंधूंसाठी तो आयुष्यातली मोठी संधी सोडण्याचा प्रसंग होता. ॲशने जाऊन लढायचे ठरवले, भारताने न जाऊन. पुढे ॲशचेही मत बदलले. काही वर्षांनी तो बहिष्काराच्या बाजूने उभा राहिला, आणि १९८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शने करताना त्याला अटक झाली. आपली आधीची भूमिका बदलताना त्याने कमीपणा मानला नाही.

आता ते १९७५ चे विंबल्डन. ॲशचे वय ३२ ला पाच दिवस कमी, समोर २२ वर्षांचा गतविजेता कॉनर्स. कॉनर्सने ॲशवर बदनामीचा दावा लावलेला होता. कारण, देशासाठी डेव्हिस चषक न खेळण्यावरून ॲशने त्याच्यावर टीका केली होती. ॲश कोर्टावर आला तो डेव्हिस चषकाचे, देशाचे नाव असलेले जाकीट घालून. बोलला काहीच नाही. आपला नेहमीचा जोरकस खेळ कॉनर्सच्या पथ्यावर पडतो हे ओळखून त्याने मित्रांशी बसून वेगळा बेत केला होता. चेंडूला वेग द्यायचाच नाही, बाहेर वळणारी सर्व्हिस करायची, पायाशी हळू चेंडू टाकायचे आणि कॉनर्स पुढे आला की डोक्यावरून लॉब. बाजू बदलताना खुर्चीत डोळे मिटून तो शांत बसे. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा ५-७ असा गेला तेव्हा लोकांना वाटले, संपले. ॲशने बेत बदलला नाही आणि चौथा सेट ६-४ असा घेतला. दावा नंतर मागे घेतला गेला.

त्याच वर्षअखेरीस स्टॉकहोमला मास्टर्स स्पर्धेत गंमत झाली. तिसऱ्या सेटमध्ये ॲश ४-१ असा पुढे असताना नास्तासे सर्व्हिस करायची सोडून पुनःपुन्हा टवाळी करून वेळ काढत राहिला. डॉ. जॉन्सन यांचा हा शिष्य रॅकेट उचलून चक्क कोर्टाबाहेर निघून गेला. आधी दोघेही बाद ठरले, दुसऱ्या दिवशी सामना ॲशला दिला गेला. नास्तासेने गुलाबाची फुले देऊन दिलजमाई केली. ॲशने कोर्ट सोडले, पण शिवीगाळ केली नाही.

१९७१ मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यात कॅमेरूनच्या याउंदे शहरी ॲशला अकरा वर्षांचा एक मुलगा खेळताना दिसला. त्याने लगेच फ्रान्सच्या टेनिस संघटनेचे फिलिप शात्रिए यांना कळवले. तो मुलगा म्हणजे यानिक नोआ. १९८३ मध्ये त्याने फ्रेंच स्पर्धा जिंकली. चॅरिटीने आर्थरला जसे पुढच्या गुरूकडे सोपवले, तसेच आर्थरने नोआच्या बाबतीत केले.

१९७७ मध्ये त्याचे छायाचित्रकार जीन मुतुसामी हिच्याशी लग्न झाले. जुलै १९७९ मध्ये, ऐन खेळात असताना, त्याला हृदयविकाराचा झटका आला. वडिलांनाही हाच विकार होता. डिसेंबरमध्ये बायपास झाली. पुन्हा खेळायची उमेद होती, पण कैरोमध्ये धावताना छातीत कळ आली आणि एप्रिल १९८० मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. अशी निवृत्ती खेळाडूला फार जड जाते.

लगेच १९८१ मध्ये तो डेव्हिस चषक संघाचा न खेळणारा कर्णधार झाला. संघातला मुख्य खेळाडू जॉन मॅकेन्रो, म्हणजे पंचांवर ओरडण्यासाठी जगभर गाजलेला. ज्याला आठीसुद्धा न दाखवण्याची शिकवण मिळाली त्याच्या वाट्याला हा शिष्य आला. १९८१ च्या अंतिम फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध मॅकेन्रोचे वागणे इतके बिघडले की ॲश स्वतः संतापला. तरी दोघे टिकले. १९८१ आणि १९८२ अशी दोन वर्षे अमेरिकेने चषक जिंकला, आणि १९८२ च्या अंतिम फेरीत समोर फ्रान्सकडून यानिक नोआ होता. मॅकेन्रोला आवरले नाही म्हणून ॲशवर टीका झाली. त्यात तथ्यही आहे. काळ्या खेळाडूने जे केले असते तर बाहेर काढले असते, ते एक गोरा खेळाडू बिनदिक्कत करतो, हे त्याला उमगत नव्हते असे कसे म्हणावे? पण दुसऱ्याला शिस्त लावणे त्याला स्वतः शिस्त पाळण्याइतके जमले नाही. १९८५ मध्ये त्याने ते पद सोडले.

शिक्षक मंडळींना त्याचे दुसरे काम अधिक भावेल. १९७७ मध्ये त्याने काळ्या आईबापांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. मुलांना मैदानावर जितका वेळ पाठवता त्याच्या दुप्पट वाचनालयात पाठवा, कारण खेळावर पोट भरणारे हजारात एखादाच निघतो, असा त्याचा आशय. फ्लोरिडातल्या एका कॉलेजात काळ्या खेळाडूंचा इतिहास शिकवायला घेतला तर धड पुस्तकच मिळेना. मग स्वतःच्या पैशाने माणसे नेमून अनेक वर्षे खपून त्याने तो इतिहास तीन खंडांत लिहिला. १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी उजवा हात लुळा पडला. मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि निदान झाले ते एड्सचे. १९८३ मध्ये दुसऱ्या बायपासनंतर दिलेल्या रक्तातून विषाणू शरीरात गेला होता. रक्त तपासण्याची सोय १९८५ मध्ये आली. घरात दोन वर्षांची दत्तक मुलगी होती, कॅमेरा. तिच्यासाठी त्याने हे गुपित साडेतीन वर्षे ठेवले. एप्रिल १९९२ मध्ये एका वृत्तपत्राला सुगावा लागला, तेव्हा ८ एप्रिलला त्याने स्वतःच पत्रकारांना बोलावून सांगितले. मुलीचा उल्लेख आला तिथे त्याचा आवाज अडला. पुढचा भाग पत्नीने वाचला.

उरलेले दहा महिने त्याने थांबून काढले नाहीत. एड्सविरोधी संस्था काढली. हैतीच्या निर्वासितांना परत पाठवण्याविरुद्ध सप्टेंबरमध्ये व्हाइट हाउससमोर निदर्शने करून अटक करवून घेतली, तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. दुसऱ्याच दिवशी पुन्हा हृदयाचा त्रास झाला. १ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांत भाषण केले. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. वय ४९.

ज्या रिचमंडने त्याला बर्ड पार्कातून परत पाठवले, तिथे राज्यपालांच्या निवासस्थानी त्याचे पार्थिव ठेवले गेले. असा मान १८६३ नंतर कोणाला मिळाला नव्हता. हजारो लोक रांगेत उभे राहिले. आईच्या शेजारी त्याचे दफन झाले. १९९६ मध्ये शहरातल्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर त्याचा पुतळा उभारला. एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात पुस्तके, आणि भोवती मुले. पुस्तके रॅकेटपेक्षा वर धरलेली आहेत. त्या रस्त्यावर तेव्हा गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनानींचे भव्य पुतळे होते. २०२०-२१ मध्ये ते सगळे हलवण्यात आले. आता तिथे ॲश उरला आहे.

मित्रहो, माझ्या खो-खोच्या प्रश्नाचे उत्तर मला या चरित्रात अर्धेच मिळाले. स्वतःवर अन्याय झाला तेव्हा ॲश बहुधा गप्प राहिला, दुसऱ्यावर झाला तेव्हा बोलला, तुरुंगात जाईपर्यंत बोलला. आधीची शिस्त नसती तर नंतरच्या बोलण्याला वजन आले असते का, हे मला ठरवता येत नाही. पण सरांनी त्या दिवशी मला बाहेर बसवून उरलेला सामना सगळ्या मुलांना शांतपणे खेळायला लावला आणि सामना संपल्यावर ते स्वतः पंचांच्या टेबलाशी जाऊन बराच वेळ बोलत होते, हे मला आता आठवते. तेव्हा रागाच्या भरात मी तिकडे पाठ फिरवली होती. सर आज आपल्यात नाहीत. या मेळाव्यात त्यांना भेटून हे सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिले.